खडकीचे सॅपर, फ्रान्समधलं शेत

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपात शिकायला गेलेली आपली मुलं डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी कुठे जातात? ब्रुजचे कालवे, कलोनचा नाताळबाजार, फार तर पॅरिस. फोटो छान येतात, माझी काही तक्रार नाही. पण बेल्जियममधल्या घेंट शहरात शिकणाऱ्या आमच्या भारतीय मुलामुलींच्या गटाने एका हिवाळ्यात वेगळी वाट धरली. शनिवारी बेल्जियममधलं ईपर आणि रविवारी सीमेपलीकडे, फ्रान्समधलं नव्ह शापेल. दोन्ही पहिल्या महायुद्धाची रणभूमी. ही ठिकाणं हिवाळ्यातच पाहावीत, असं माझं ठाम मत झालं आहे.

का, ते सांगतो. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून हिंदी फौजा मार्सेय बंदरात उतरू लागल्या, त्या अंगावरच्या सुती खाकी कपड्यांनिशी. महिन्याभरात त्या या भागातल्या खंदकांत होत्या आणि पुरेसे गरम कपडे मिळायला आणखी वेळ लागला. पुस्तकात ही माहिती एका ओळीत संपते. आम्ही तिथल्या शेतांच्या कडेला उभे होतो तेव्हा आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर फुगीर जॅकेट, तरीही बोटं बधिर झाली होती. जमीन सपाट, आडोसा म्हणून नाही. माती चिकट, आणि कोकणातल्या भाताच्या खाचरासारखी वीतभर उकरली की पाणी. त्या पाण्यात रात्रंदिवस उभं राहायचं, आणि समोरून मशिनगन.

ईपरमध्ये मेनिन गेट आहे. ज्यांचे देहच सापडले नाहीत अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं या कमानीच्या भिंतींवर कोरली आहेत आणि त्यांत चारशेहून अधिक हिंदी सैनिक आहेत. १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता रहदारी थांबवून इथे बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेव्हा खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश फौजांनी गाव सोडवलं आणि त्याच संध्याकाळी बिगूल पुन्हा वाजला. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्हाला निवांत उभं राहता आलं. कमानीशेजारच्या तटावर अशोकस्तंभाचे सिंह असलेलं भारतीय सैनिकांचं छोटं स्मारकही आहे. ते चुकवू नका, पुष्कळ जण चुकवतात.

दुसऱ्या दिवशी नव्ह शापेलकडे जाताना गाडी एका विजेच्या खांबाजवळ थांबवली. खांबाच्या पोकळीत गंजून लाल झालेला, मातीने लडबडलेला तोफगोळा ठेवलेला होता. इथे नांगराला अजून दारूगोळा लागतो. शेतकरी तो असा कडेला ठेवतात आणि लष्कराचं पथक येऊन घेऊन जातं. आमच्यातला एक जण फोटोसाठी पुढे सरकला. त्याला कॉलर धरून मागे ओढला. हे गोळे अजूनही फुटतात.

नव्ह शापेलचं स्मारक गावाबाहेर चौरस्त्यावर आहे. सांचीच्या कठड्याची आठवण करून देणारी गोलाकार दगडी जाळी, मधोमध उंच स्तंभ, त्यावर कमळ, बाजूला दोन वाघ. नकाशा हर्बर्ट बेकरचा, म्हणजे दिल्लीतले नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक ज्याने बांधले त्याचाच. १९२७ मध्ये उद्घाटन झालं. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं आहेत, पलटणींप्रमाणे लावलेली. गढवालचे गबर सिंग नेगी यांचं नाव इथेच आहे. १० मार्च १९१५ ला ते इथे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आम्ही मराठी मुलं शोधत होतो ते सॅपर्स अँड मायनर्सचं नाव. पुण्याच्या खडकीत ज्यांचं ठाणं, त्या बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर इथे होत्या. त्यांचं काम पूल बांधण्याचं, खंदक खणण्याचं, सुरुंग लावण्याचं. पण २८ ऑक्टोबर १९१४ ला माणसं कमी पडली म्हणून त्यांना पायदळासारखं ४७ व्या शीख पलटणीबरोबर हल्ल्याला पाठवलं. उघड्या रानातून ते जर्मनांच्या ताब्यातल्या नव्ह शापेल गावात घुसले, घराघरांत संगिनींनी लढले. कुमक आली नाही आणि गाव सोडावं लागलं. त्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. कारागीर माणसांना असं खर्ची घालणं हा सेनापतींचा निव्वळ अविचार होता, असंच मला वाटतं.

आमच्यातली एक मुलगी खडकीचीच, रोज त्या छावणीवरून शाळेत गेलेली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं? शाळेत पहिलं महायुद्ध म्हणजे सारायेवो आणि व्हर्साय, दोन गुणांचा प्रश्न!

कुणाला जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. ईपरला घेंटहून आगगाडीने जाता येतं. नव्ह शापेलला मात्र रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. चार-पाच जणांनी मिळून गाडी भाड्याने घ्या. साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच निघा. घरातलं कुणी त्या युद्धात गेलं असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि भिंतीवरच्या पाटीचा क्रमांक आधी शोधून ठेवा. शोधताना आडनावाची तीन-चार स्पेलिंगं करून पाहा, कारण ती इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तशी लिहिली आहेत. आणि बूट जलरोधक घ्या.

नमस्कार.