पाणथरीवरचा डाग

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज पाणथरीबद्दल बोलायचंय. डॉक्टर स्प्लीन म्हणतात, पुस्तकात प्लीहा लिहितात. डाव्या बाजूला बरगड्यांच्या आत जठराला लागून असते, मुठीएवढी, वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. जुनं रक्त गाळायचं आणि जंतूंशी लढायचं हे तिचं काम, आणि ठीक असली की बाहेरून हाताला लागत पण नाही.

मला तरी कुठं माहीत होतं, अक्काच्या रिपोर्टात तिचं नाव येईपर्यंत. अक्का माझी थोरली बहीण, खानापूर तालुक्यात दिलेली. ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर झालेला, ऑपरेशन झालं, सहा किमो झाले, केस परत आले, भांगलायला शेतात जायला लागली, आणि मग घरात सगळेच म्हणायला लागले की आता कशाला सारखं बेळगावला जायचं, बरी आहे की ती. मी हट्टानं नेलं. ओव्हरीच्या कॅन्सरवर नजर ठेवायला सीए १२५ म्हणून रक्ताची टेस्ट असते, ती साधारण ३५ च्या आत पाहिजे, अक्काची आधी १४ होती ती ९० च्या वर गेलेली. दुखत नव्हतं, जेवण व्यवस्थित, वजन पण तेवढंच. सीटी स्कॅन केलं तर पाणथरीवर एक डाग, साधारण हरभऱ्याएवढा.

हे मुद्दाम सांगतेय, कारण पाणथरीत पसरलेला कॅन्सर बऱ्याचदा गप्प असतो. कुणाला डाव्या कुशीत दुखतं, कुणाला दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं, पण पुष्कळांना काहीच होत नाही, फॉलोअपच्या स्कॅनमध्येच सापडतो. तसा तिथं कॅन्सर पोचणं कमीच. पोचला तर ओव्हरी, मोठं आतडं, जठर, फुफ्फुस, स्तन नाहीतर मेलानोमा म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, यातनं येतो, आणि जास्त करून त्यावेळी लिव्हरमध्ये किंवा दुसरीकडे पण गेलेला असतो. एकटा पाणथरीतच सापडणं फार दुर्मिळ.

आणि डाग दिसला म्हणजे पसरलेला कॅन्सरच असंही नाही बरं का. आपल्याकडं टीबी आहे, पाणथरीत टीबीची गाठ होते, पू होतो, साधी पाण्याची गाठ असते, नाहीतर लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा वेगळाच कॅन्सर असतो. पेट स्कॅन म्हणजे अंगात कुठल्या पेशी जास्त साखर ओढतात ते दाखवणारं स्कॅन, त्यात टीबी पण चमकतो, म्हणून नुसता चमकला म्हणून रडत बसू नका, डॉक्टरांना सरळ विचारा, हे दुसरं काही असू शकतं का? सुई घालून तुकडा काढता येतो, पण पाणथरी रक्तानं भरलेली, रक्तस्राव व्हायची भीती असते, त्यामुळं डॉक्टर आधीचा आजार, मार्कर म्हणजे सीए १२५ सारख्या रक्ताच्या टेस्ट, स्कॅन सगळं एकत्र बघून ठरवतात. कधी कधी पाणथरी काढून तपासल्यावरच नक्की कळतं.

अक्काचं पेट स्कॅन केलं, बाकी कुठंच काही नव्हतं. तसं असलं, पेशंटला झेपणार असलं, तर पाणथरी काढायचा विचार करतात, जमलं तर दुर्बिणीतनं, आणि किमोचं काय ते मूळ कॅन्सर बघून. आणखी चार ठिकाणी पसरला असला तर मुख्य औषधोपचार, म्हणजे किमो वगैरे, तिथं नुसती पाणथरी काढून फार उपयोग होत नाही.

आता यातलं जे घरच्यांच्या हातात आहे ते नीट ऐका. पाणथरी काढल्यावर माणूस जगतो, शेत करतो, सगळं करतो, पण काही जंतूंपुढं कायमचा उघडा पडतो. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंच्या लसी घ्यायच्या, जमलं तर ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी. तारीख ठरली की तुम्हीच विचारा, लसी कधी? आणि नंतर ताप आला, थंडी वाजली, तर घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, काही तासांत जिवावर बेततं. कुत्रं चावलं तरी लगेच दवाखाना.

अक्काची पाणथरी काढली, तिच्या लसींचं कार्ड आम्ही लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलंय, मागं लाल पेननं लिहिलंय, पाणथरी नाही. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला तिला थंडी भरली, भाऊजी म्हणाले पावसात भिजली असेल, सकाळी बघू, पण भाच्यानं ते कार्ड खिशात घातलं आणि पावसातच गाडी काढून बेळगाव गाठलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी कार्ड उलटं करून बघितलं आणि बाकी काही विचारायच्या आधी अँटीबायोटिकचं इंजेक्शन भरायला घेतलं. पाचव्या दिवशी अक्का घरी आली. पुढचं स्कॅन गणपती झाल्यावर आहे, तारीख कॅलेंडरवर तिनंच लिहून ठेवलीय.