खडा ‘खरा’ आहे का, हे दुकानात विचारू नका

[हातात अंगठी, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ]

ही माझ्या आजीची अंगठी. तिला तिच्या आईकडून मिळालेली. घरात सगळे एकच सांगायचे, जुनं माणिक आहे, त्या काळी कुठलं आलंय कृत्रिम! मलाही ते पटलेलं होतं. रत्नं शिकायला लागल्यावर एकदा सहज म्हणून ती भिंगाखाली धरली, तर आत रेघा दिसल्या. अगदी बारीक, एकीला लागून एक आणि सगळ्या वळलेल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. मी अंगठी खाली ठेवली, भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. रेघा तिथेच होत्या.

आजीचं माणिक खाणीतलं नव्हतं. माणसाने भट्टीत घडवलेलं होतं.

नमस्कार. माणिक, नीलम, पाचू असे रंगीत खडे घेताना ते जमिनीतून आलेत की प्रयोगशाळेतून, हे कसं ओळखायचं, ते आज बघू. पण त्याआधी एक शब्द बाजूला ठेवावा लागेल, ‘खरा’.

त्याचं कारण असं. प्रयोगशाळेतलं माणिक काच नसतं, ते माणिकच असतं. खाणीतलं माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि रंगापुरतं थोडं क्रोमियम. कृत्रिम माणिकही तेच. दोघांचा कठीणपणा मोह्स यांच्या एक ते दहाच्या मापावर ९. दोघांचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या चौपट. प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोघंही १.७६२ ते १.७७० हाच आकडा दाखवतात. म्हणजे विक्रेता तुमच्यासमोर यंत्रावर तपासून म्हणाला, “बघा, खरं माणिक आहे,” तर तो खोटं बोलत नसतो. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं त्याने बरोबर उत्तर दिलेलं असतं. तुम्हाला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, ते विचारायचं राहून गेलं.

काचेवर ओरखडा काढून बघा, फुंकर मारून बघा, दुधात टाकून बघा, असल्या घरगुती परीक्षा यामुळेच इथे निकामी ठरतात. काच ओळखायला त्यातली एखादी कधी उपयोगी पडेलही. पण पदार्थच एक असेल तर पदार्थाची परीक्षा करून काय हाती लागणार? तपासायचा असतो तो खड्याचा जन्म. आणि त्याच्या खुणा खड्याच्या पोटात असतात.

आता आजीच्या अंगठीतल्या रेघांकडे येऊ, कारण त्या कळल्या की निम्मा विषय कळला.

ओग्युस्त वेर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये माणिक बनवण्याची आपली पद्धत जाहीर केली. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्वाळेतून खाली सोडायची. तिथलं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर. पूड वितळते, थेंब खालच्या दांडीवर पडतात आणि तिथे थराथराने स्फटिक वाढत जातो. काही तासांत बाटलीच्या आकाराचा लालबुंद ठोकळा हातात येतो. या ठोकळ्याचा माथा गोल असतो, म्हणून त्यावर बसणारा प्रत्येक थरही गोलाईचा. खडा कापला, पैलू पाडले, तरी ते थर आत राहतातच. मला दिसलेल्या वळणदार रेघा म्हणजे हे थर.

जमिनीत स्फटिक असा वाढत नाही. त्याला सपाट बाजू असतात आणि वाढ त्या बाजूंना धरूनच होते. म्हणून खाणीतल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ दिसतात, कधी षटकोनाच्या कोपऱ्यासारखे कोनात वळतात, पण कमानीसारखे वाकत नाहीत. सरळ पट्टे दिसले म्हणजे खडा लगेच नैसर्गिक ठरतो असं नाही, पण कमानदार दिसले की प्रश्न मिटला. तो माणसाने घडवलेला आहे.

[कॅमेरा भिंगावर]

हे दहापट भिंग. याला लूप म्हणतात. वापरण्याची एक रीत आहे आणि बहुतेक जण नेमकी तिथे चुकतात. भिंग खड्याजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं, अगदी भुवईला टेकवून. मग खडा हळूहळू भिंगाकडे आणायचा, साधारण अडीच सेंटीमीटरवर चित्र स्पष्ट होतं. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले ठेवा, म्हणजे थरथर होत नाही. उजेड समोरून नको, बाजूने हवा. समोरून आला की पैलूच चमकत राहतात आणि आतलं काही दिसत नाही. रंगाचे पट्टे बघायचे असतील तर सुटा खडा पाण्याच्या वाटीत बुडवा आणि वाटीखाली पांढरा कागद ठेवा. वरची चमक मावळते आणि पोट दिसायला लागतं.

काय शोधायचं? माणिक आणि नीलमात बारीक सुया. रुटाइल नावाच्या खनिजाच्या या सुया एकमेकींना ६० अंशांवर छेदतात आणि सगळ्या मिळून रेशमासारखी झाक देतात. व्यवहारात त्यांना सिल्कच म्हणतात. कोलंबियातल्या पाचूत कधीकधी एक पोकळी दिसते. तिच्यात द्रव, द्रवात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा इवलासा चौकोनी स्फटिक. पृथ्वीच्या पोटातलं खारं पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वी जसं अडकलं तसंच्या तसं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही. अशा खुणेला ‘दोष’ म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. तो त्या पाचूचा जन्मदाखला आहे.

याउलट गोल, ठळक कडेचे बुडबुडे, एकटे किंवा पुंजक्याने, हे ज्वाळेतल्या खड्यात किंवा काचेत दिसतात. आणि भिंगाखाली काहीच दिसलं नाही तर? मोठा, गडद, एकसारख्या रंगाचा आणि आतून पाण्यासारखा स्वच्छ खडा असेल तर थांबा. असे नैसर्गिक खडे असतात, पण इतके दुर्मिळ की त्यांच्यासोबत तपासणीचा कागद असल्याशिवाय राहत नाही.

इथवर ऐकून भिंग घेतलं की झालं, असं वाटेल. तसं नाही. ज्वाळेची पद्धत सगळ्यात जुनी आणि ओळखायला सगळ्यात सोपी. दुसऱ्या पद्धतीत घटक वितळलेल्या क्षारात विरघळवतात आणि स्फटिक सावकाश, महिनोन्‌महिने वाढू देतात. तिला फ्लक्स म्हणतात. अमेरिकेत कॅरॉल चॅटम यांनी १९३०च्या दशकात असे पाचू वाढवले. त्यांच्या आत पिळलेल्या धुरासारखे पडदे असतात आणि नैसर्गिक पाचूतल्या तड्यांच्या आणि खुणांच्या जाळ्याशी त्यांचं इतकं साम्य असतं की सरावलेला डोळाही फसतो. कधी भांड्यातून सुटलेला प्लॅटिनमचा चकचकीत कण सापडतो, मग मात्र संशय उरत नाही. तिसरी पद्धत हायड्रोथर्मल, म्हणजे दाबाखालच्या गरम पाण्यात वाढवणं. अशा पाचूत नागमोडी, बाणाच्या टोकांसारखी नक्षी दिसू शकते. पण या दोन पद्धतींच्या खड्यांवर घरच्या भिंगाने निकाल देऊ नका, मीही देत नाही.

एक लबाडी तर मुद्दाम सांगायला हवी. कृत्रिम माणिक तापवून थंड पाण्यात टाकतात. त्याला आतून तडे जातात आणि वरवर बघणाऱ्याला ते नैसर्गिक जाळं वाटतं. ‘आत काहीतरी आहे, म्हणजे खाणीतला’ हा हिशोब पुरेसा नाही तो म्हणूनच. आत काय आहे, ते बघावं लागतं.

अलेक्झांड्राइटबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. उरल पर्वतात १८३०च्या दशकात सापडलेलं हे रत्न दिवसाच्या उजेडात हिरवं आणि मेणबत्तीच्या प्रकाशात लाल दिसतं. त्याच्या नावाने विकलं जातं ते पुष्कळदा व्हॅनेडियम घातलेलं कृत्रिम कोरंडम, म्हणजे माणिक-नीलमाच्या जातीचं. ते निळसर करड्यातून जांभळ्यात जातं, हिरवं होतच नाही. पण हिरव्याचा लाल झाला म्हणून निर्धास्त होऊ नका, अस्सल अलेक्झांड्राइटसुद्धा प्रयोगशाळेत बनतं. आणि रंगबदल एलईडीखाली बघू नका, त्यात घोळ होतो. खिडकीजवळ बघा, मग मेणबत्तीजवळ.

जुन्या दागिन्याबद्दलही भ्रम नको. वेर्नुईच्या पद्धतीला शंभराहून जास्त वर्षं झाली. त्याच्याही आधी, १८८०च्या दशकात, वितळवून बनवलेली माणकं युरोपच्या बाजारात नैसर्गिक म्हणून शिरली होती. दागिना जुना असेल, त्यातला खडा खाणीतलाच असेल असं नाही.

मग दुकानात विचारायचं काय? “हा खाणीतून निघालेला नैसर्गिक खडा आहे का, आणि त्यावर कुठली प्रक्रिया केली आहे?” हे उत्तर बिलावर लिहून मागा. प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. निकृष्ट, तडे गेलेल्या माणकात शिशाची काच भरतात. माणिक खाणीतलंच, पण त्यात काच किती आणि माणिक किती, कोण सांगणार? लिंबाचा रससुद्धा ती काच खातो, आणि सोनाराच्या ज्वाळेपुढे तर ती टिकतच नाही. भिंगाखाली असा खडा हलवला की तड्यांत निळी चमक लपकून जाते. नीलम नुसता तापवून रंग सुधारणं ही मात्र जुनी, सर्वमान्य प्रक्रिया आहे. ती सांगून केलेली असेल तर माझी काही तक्रार नाही.

खडा महत्त्वाचा असेल तर रत्नं तपासणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. अमेरिकेतली जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्युबेलिन आणि एसएसईएफ या त्यातल्या नावाजलेल्या. विक्रेत्याने स्वतः छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे अहवाल नव्हे. अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर, पत्ता स्वतः टाइप करून तपासा. मग खडा तराजूवर ठेवा. कॅरेटचा शंभरावा भाग आणि मिलिमीटरची मापं जुळली पाहिजेत. कागद अस्सल आणि खडा दुसराच, असंही होतं. हे सगळं खडा कोंदणात बसवण्याआधी करा. एकदा बसवला की वजनाचा नुसता अंदाज उरतो आणि अर्धा खडा धातूखाली झाकला जातो.

प्रयोगशाळेतल्या खड्याला मी कमी लेखत नाही. १९६० मध्ये जगातला पहिला लेझर चमकला तो कृत्रिम माणकातूनच. जुन्या घड्याळावर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं, ती रत्नंही बहुधा हीच. तो कृत्रिम म्हणून सांगून, त्याच्या दराने विकला तर खुशाल घ्या. माझा राग आहे तो गप्प बसून विकण्यावर.

[अंगठी पुन्हा हातात]

आजीला मी सगळं सांगितलं. तिने भिंग मागून घेतलं, खिडकीजवळ जाऊन बसली आणि रेघा सापडेपर्यंत बघत राहिली. सापडल्यावर म्हणाली, “किती सारख्या आहेत गं.” आणि अंगठी बोटात घातली.