न वाचलेला तालमूद

(दृश्य: कातडी बांधणीचा जाडजूड ग्रंथ. हातमोजे घातलेला हात पान उलटतो.)

बाबिलोनी तालमूद. यहुदी धर्मशास्त्रावरच्या शेकडो वर्षांच्या वादविवादांचा ग्रंथ. तो पहिल्यांदा संपूर्ण छापला व्हेनिसच्या दानिएल बोंबेर्गने, 1523 पर्यंत. बोंबेर्ग स्वतः ख्रिस्ती, मूळचा अँटवर्पचा. मधोमध मूळ मजकूर, आतल्या बाजूला राशी या मध्ययुगीन पंडिताचं भाष्य, बाहेर तोसाफोत म्हणजे त्याच्या नंतरच्या पंडितांच्या टिपा, ही मांडणी आणि पानांचे आकडे त्याच्या छापखान्यात पक्के झाले. बराखोत हा तालमुदाचा पहिला भाग; आजही ‘बराखोत, पान दोन’ म्हटलं, की जगभरात तेच पान उघडतं.

पण बोंबेर्गचे पूर्ण संच फार थोडे उरले. 1553 मध्ये रोमला तालमुदाच्या होळ्या झाल्या, पाठोपाठ व्हेनिसलाही. जे वाचले ते अभ्यास करणाऱ्यांच्या बोटांखाली झिजले.

हा संच मात्र जवळजवळ कोरा करकरीत. कारण तो इंग्लंडला गेला. यहुद्यांना 1290 मध्येच हाकलून दिलेला देश. तिथे हा ग्रंथ वाचणार कोण?

संग्राहक आधी शोधतात मालकाचं नाव. इथे ते बहुधा रिचर्ड ब्रुअर्नचं, ऑक्सफर्डमधल्या हिब्रूच्या प्राध्यापकाचं. पण लोकांना गोष्ट हवी असते आठव्या हेन्रीची. त्याची राणी कॅथरीन ही त्याच्या थोरल्या भावाची विधवा. बायबल एकीकडे म्हणतं, भावाची बायको वर्ज्य. दुसरीकडे म्हणतं, भाऊ निपुत्रिक वारला तर तिच्याशी लग्न कर. हेन्रीने काडीमोडासाठी इटलीतल्या यहुदी पंडितांची मतं मागवली, हे खरं. पण हाच संच त्याने मागवला, याला पुरावा नाही. राजाचं नाव लागलं की भाव चढतो, एवढंच.

(दृश्य: वेस्टमिन्स्टर ॲबी.)

पुढे संच वेस्टमिन्स्टर ॲबीच्या ग्रंथालयात पडून राहिला. 1956 मध्ये, यहुदी इंग्लंडला परतल्याची 300 वर्षं साजरी होत होती. लंडनच्या प्रदर्शनात तो हिऱ्यांचे व्यापारी जॅक लुंझर यांच्या नजरेस पडला. त्यांनी मागणी घातली. ॲबी विकायला तयार नव्हती. लुंझरनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि मग ॲबीच्याच जुन्या सनदेची शतकांपूर्वीची प्रत विकायला आली, ती विकत घेतली. सनद तुम्हाला, तालमूद आम्हाला! 1980 मध्ये अदलाबदल झाली. हा व्यवहार ऐकून आमच्या ओळखीचे एक जुने पुस्तकविक्रेते म्हणाले, ‘‘याला म्हणतात गिऱ्हाईक.’’

डिसेंबर 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात संच गेला 93 लाख डॉलरना.

(दृश्य: पुण्यातली जुनी गल्ली.)

आता नेमकं उलटं पुस्तक. 1874 मध्ये पुण्यात छापलेला हग्गादा: पेसाख या यहुदी सणाच्या रात्री घरात जेवताना वाचायची पोथी, हिब्रूबरोबर मराठी भाषांतर, आणि चित्रांत साडी नेसून मात्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची रोटी, भाजणाऱ्या बायका. बेने इस्राएलांचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा. संग्राहक आज तोही शोधतात. पण हग्गादा कपाटात राहत नाही; ताटाशेजारी उघडतो. त्यामुळे पानावर मनुकांच्या सरबताचा डाग दिसला, तर पुसायची घाई करू नका. मालकाने नाव लिहिलं नसलं, तरी तो तिथे बसला होता.