तीस दिवस आणि एक नक्कल

अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणा. कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ नाकाबंदी लागलीय. हवालदाराचा टॉर्च हलतो, शिटी वाजते. परवाना घरी विसरलेला वीस वर्षांचा पोरगा घाबरतो आणि गाडी शिरोलीच्या दिशेनं दामटतो.

थांबायलाच हवं होतं त्यानं. भर रस्त्यात उभ्या असलेल्या त्या हवालदाराच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

पण पोलिसांना चुकवून पळाला, असं वेगळं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. बेदरकार गाडी चालवली म्हणून २८१ लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी पोलिसाच्या अंगावर घातली असा आरोप असेल, तर १३२ : दोन वर्षांपर्यंत कैद. शिक्षा झाली, तर अपिलात खरी झुंज होते ती या १३२ वर. गाडी मुद्दाम अंगावर घातली, की बाजूनं काढली? पंचनाम्यात बॅरिकेड कुठं दाखवलंय? उलटतपासणीत हवालदार स्वतः कुठं उभा होता म्हणाला? दोन पावलांच्या फरकानं शिक्षा बदलू शकते. आणि आरोपी एकवीसच्या आतला असेल, तर तुरुंगात का पाठवलं, याची कारणं १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं) कायद्यानुसार न्यायाधीशांना लिहावी लागतात. निकालपत्रात ती आहेत का, हे आधी बघा.

शिक्षा ऐकताच घरच्यांना कळंबा जेल दिसायला लागतं. पोरगा जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांच्या आतली असेल, तर अपील करायचंय असं सांगून त्याच कोर्टात, त्याच दिवशी जामीन मागता येतो.

मग कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, सत्र न्यायालयात अपील. मुदत तीस दिवस. निकालाची नक्कल आरोपीला फुकट मिळते. तिच्यावरचा शिक्का नीट बघा : अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, हातात कधी पडली. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्या तीसात धरत नाहीत. वकिलाला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

अपील केलं तर शिक्षा वाढेल, या भीतीनं कितीतरी जण गप्प बसतात. आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही.

तिथंही हरलं, तर पुढं उच्च न्यायालयात फेरतपासणी (रिव्हिजन) अर्ज. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात बसतं, सीपीआर रुग्णालयासमोर. गावाकडची आई सकाळच्या एसटीनं येते आणि संध्याकाळी घरी पोचते.