वाजता वाजता गप्प होणारा बेस ॲम्प

श्रोतेहो, नमस्कार. धान निघालं की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडप उभे राहतात. वडशाकडून नाटकांच्या गाड्या निघतात, गावोगावी ऑर्केस्ट्रा रंगतो. अशात मध्यरात्री बेस ॲम्प, म्हणजे बेस गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, अचानक गप्प होतो. कोणीतरी वरून थाप मारतं, आवाज येतो, अन् दोन गाण्यांनी पुन्हा जातो. थाप मारण्याआधी एकच करा: आवाज गेला त्या क्षणी ॲम्पवरचा समोरचा दिवा पाहा.

दिवा विझला किंवा मंद झाला, तर आधी वायर तपासा. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, मंडपापर्यंत लाइट येते ती बहुतेक शंभरेक मीटरच्या बारीक वायरीवरून. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन २०० मीटर होते, तिचा रोध साधारण साडेतीन ओहम. त्याच वायरीवर २००० वॅटचे हॅलोजन लावले की ३० व्होल्ट वाटेतच जातात. २३० चे २०० उरतात, आणि गावचं व्होल्टेज आधीच पडलेलं असेल तर त्याहूनही कमी. बेसचा जोरदार ठोका पडला की ॲम्प एकदम जास्त करंट ओढतो आणि नेमका तिथेच बंद पडतो. म्हणून हॅलोजनची वायर वेगळी ठेवा, ॲम्पसाठी किमान अडीच चौरस मिलिमीटरची घ्या. फ्यूज उडत असेल तर त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबू नका. लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. घरघर येते म्हणून अर्थिंगची पिन तर कधीच कापू नका, त्यात वाजवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

दिवा लागलेला आहे पण आवाज नाही, अशा वेळी गिटारची वायर बदलून पाहा. ॲक्टिव्ह बेस, म्हणजे बॅटरीवर चालणारी बेस गिटार, असेल तर आतली ९ व्होल्टची बॅटरीही बदला. ती संपत आली की आधी आवाज फाटतो, मग बारीक होतो.

आता ज्या दोषाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं तो. बऱ्याच ॲम्पच्या मागे बाहेरचं इफेक्टचं यंत्र जोडायला ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं असतात. तुम्ही तिथे काहीच लावत नसलात, तरी बऱ्याच ॲम्पमध्ये सगळा आवाज रिटर्नच्या जॅकमधल्या एका स्प्रिंगच्या पट्टीवरून जातो. ती पट्टी धुळीनं, दवानं काळी पडते आणि टेकणं सोडते. एक आखूड वायर सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज परत आला आणि टिकला, तर चोर सापडला. ॲम्प बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, वाळू द्या. तोवर तीच वायर लावून कार्यक्रम पार पाडता येतो.

अर्ध्या-पाऊण तासानं आवाज जातो आणि थंड झाल्यावर परत येतो, म्हणजे ॲम्प तापतोय. पंख्यावरचा भुसा ब्रशनं काढा, मागचा भाग कनातीला टेकवू नका. स्पीकरचे ओहमही मोजा. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ होतात; ४ चे दोन जोडले की २, आणि ॲम्पवर ‘किमान ४’ लिहिलं असेल तर तो स्वतःला वाचवायला आवाज तोडू शकतो. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, त्यानं घाबरू नका. स्पीकरला गिटारची वायर लावू नका, आतली तार बारीक असते. दीड चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर चालते.

एवढं करूनही थापेनंच आवाज येत असेल, तर बहुधा आत कुठेतरी सोल्डर सुटलेला आहे. झाकण स्वतः उघडू नका; प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. मेकॅनिककडे नेताना दिवा लागलेला होता की नाही, किती मिनिटांनी गेला, रिलेचा (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ आवाज आला का, हे कागदावर लिहून द्या. आणि त्याला सांगा, की योग्य ओहमचा लोड (स्पीकर किंवा त्याच्या जागी तेवढाच रोध) लावून, मोठ्या आवाजावर किमान तासभर चालवून बघा. टेबलावर थंड असताना हा दोष दिसत नाही.