एका मिलिसेकंदाचं मोजमाप

(दृश्य: स्वारगेट, सकाळची गर्दी. सीएनजीवरची पीएमपी बस.)

कात्रजकडे निघालेल्या या बसच्या टाकीत आहे मुख्यतः मिथेन. शाळेच्या पुस्तकात मिथेनचं ज्वलन एका ओळीत उरकतं: मिथेन अधिक ऑक्सिजन, झालं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. सिलिंडरच्या आत मात्र हा एका फटक्यातला मामला नाही. नैसर्गिक वायूच्या ज्वलनाचं 'जीआरआय-मेक ३.०' हे गाजलेलं प्रारूप ३२५ अभिक्रिया मांडतं. प्रत्येकीचा वेग निराळा, आणि तोही तापमानागणिक बदलणारा.

(दृश्य: एआरएआयची टेकडी, खाली कोथरूड.)

इथे टेकडीवर, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत, गाड्यांच्या धुरातून काय काय बाहेर पडतं ते तपासतात. पण ठिणगी पडल्यावर आत कोण कुणाशी किती झपाट्याने भिडलं, हे धुरावरून कळायचं नाही. संगणकावर इंजिन मांडणाऱ्या पुण्यातल्या अभियंत्याला ते आकडे तयार लागतात. ते येतात कुठून?

भट्टीतून तर नाही. भट्टीत वायू तापेतो अभिक्रिया उरकलेली असते, आणि तापलेल्या भिंतीही मध्ये लुडबुड करतात. वायू क्षणात तापला पाहिजे, तोही भिंतींना पत्ता लागू न देता.

(दृश्य: शॉक ट्यूबचं रेखाचित्र.)

त्यासाठी असते शॉक ट्यूब. पहिली बनवली फ्रान्समध्ये पॉल विएय यांनी, १८९९ साली. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) अशा नळ्यांवर काम चालतं. लांबलचक पोलादी नळी, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. एका बाजूला दाबाखालचा हेलियम. दुसऱ्या बाजूला आर्गॉन, आणि त्यात अगदी चिमूटभर इंधन नि ऑक्सिजन. चिमूटभरच, कारण जास्त घातलं तर अभिक्रियेचीच उष्णता तापमान बिघडवते.

पत्र्यावर आधीच फुलीसारखी खाच पाडलेली असते. दाब वाढतो, पत्रा चार पाकळ्यांत फाटतो, आणि आघात-लहर (शॉक वेव्ह) सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने धावत सुटते. टोकाच्या भिंतीवर आपटून परतते तेव्हा तिच्या मागचा वायू १५०० केल्विनच्या आसपास तापलेला असतो. हाताशी वेळ एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्यात अतिनील लेसर आरपार जातो आणि ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या एकेका अणूचा चळवळ्या कण, किती तयार झालं ते टिपतो.

सगळ्यात महत्त्वाची अभिक्रिया आहे हायड्रोजनच्या अणूची ऑक्सिजनशी. एक चळवळ्या कण आत जातो, दोन बाहेर पडतात, त्यातला एक हा ओएच. आग भडकते ती इथे.

तापमान थेट मोजत नाहीत, लहरीच्या वेगावरून काढतात. खरी मेख इथेच आहे. वेगात एक टक्का चूक झाली तर तापमान जवळपास ३० अंशांनी हलतं, आणि या अभिक्रियेचा दर आठ-नऊ टक्क्यांनी. ३० सेंटिमीटरवरच्या दोन सेन्सरच्या हिशेबात हा एक टक्का म्हणजे चार मायक्रोसेकंदसुद्धा नाही. म्हणून ओळीने बरेच सेन्सर लावतात, आणि लहर वाटेत किती मंदावली तेही धरतात.

एवढं करून आलेखावर पडतो एकच ठिपका. पुढच्यासाठी नळी उघडा, फाटका पत्रा काढा, नवा बसवा, पंप लावून पुन्हा निर्वात करा.