डावा खिसा, उजवा खिसा

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात, एप्रिलच्या उकाड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माइक हातात येण्याआधीच एक चिठ्ठी हातात आली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या काकांची आहे. लिहिलंय, ‘एका कंपनीने हजार टक्के डिव्हिडंड, म्हणजे लाभांश, जाहीर केला म्हणून शेअर घेतले. हातात पडले शेअरमागे दहा रुपये. फसवलं का मला?’

नाही काका, कुणी फसवलं नाही. लाभांश म्हणजे कंपनीने नफ्यातून भागधारकांना वाटलेला पैसा. ते हजार टक्के दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर असतात, आणि तुमचा शेअर एक रुपया दर्शनी किमतीचा. एक रुपयाचे हजार टक्के म्हणजे दहा रुपये. तुम्ही तो शेअर अडीच हजाराला घेतला असेल, तर तुमच्या पैशावर पडला ०.४ टक्का. दर्शनी किंमत म्हणजे जन्मदाखल्यावरचं वजन. माणूस साठीला टेकला तरी कागदावर तीन किलोच. टायरवाल्या एमआरएफचा शेअर २०२३ च्या जूनमध्ये एक लाखापलीकडे गेला, आणि ही कंपनी अंतरिम, म्हणजे वर्षाच्या मध्ये, लाभांश देते तीन रुपये. दर्शनी किंमत दहा, म्हणजे छापायला ‘तीस टक्के’! वर्षाअखेरचा लाभांश मोठा असतो, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण टक्के ऐकले की आधी विचारायचं, कशाचे?

आता मूळ मुद्दा. लाभांश येतो कुठून?

दोन भावांचा कारखाना घ्या. माग, शेड, सूत, येणी, सगळं धरून किंमत एक कोटी. त्यातले दहा लाख बँकेत रोख पडलेत. दिवाळीला दोघांनी दोन-दोन लाख उचलले. दुसऱ्या दिवशी कारखाना विकत घ्यायला कुणी आलं, तर तो एक कोटी देईल का? शहाण्णव लाख देईल. भाऊ श्रीमंत झाले का? नाही, डाव्या खिशातले चार लाख उजव्या खिशात आले. कमाई झाली ती वर्षभर माग चालले तेव्हाच. दिवाळीला ती फक्त जागा बदलते.

शेअर बाजारात हेच एका सकाळी घडतं. कंपनी रेकॉर्ड डेट जाहीर करते. त्या दिवशी ज्याचं नाव यादीत, त्याला लाभांश. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्या शेअरचा व्यवहार लगेच पुढच्या कामाच्या दिवशी पुरा होतो, म्हणून रेकॉर्ड डेटच्या निदान एक कामाचा दिवस आधी शेअर घेतलेला हवा. खुद्द रेकॉर्ड डेटला घेतलात तर लाभांश विकणाऱ्याचा. आणि त्याच सकाळी शेअर एक्स-डिव्हिडंड, म्हणजे लाभांशाविना, होतो. काल ५०० वर बंद झाला असेल आणि लाभांश २० असेल, तर बाजारात दुसरं काही घडलेलं नसताना तो ४८० च्या आसपास उघडतो. रोजच्या चढउतारात हे झाकून जातं, विशेषतः लाभांश दोन-तीन रुपयांचा असला की. पण असतं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी होते, ते दर आठवड्याला रेकॉर्ड डेटची यादी काढायचे. आदल्या दिवशी घ्यायचं, लाभांश पदरात पाडायचा, दुसऱ्या दिवशी विकायचं. मी म्हटलं, गुरुजी, हिशेब मांडा. ५०० चा शेअर ४८० ला विकला. हातात वीस आले, पण ते तुमच्या उत्पन्नात धरले जाणार. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह सहा रुपये चोवीस पैसे कर. उरले तेरा शहात्तर. वीस घालवून तेरा शहात्तर कमावले, वर दलाली. गुरुजींनी वही मिटली आणि चहा मागवला.

हा कराचा भाग पूर्वी असा नव्हता. १ एप्रिल २०२० पूर्वी कंपनीच लाभांश वितरण कर भरायची आणि तुमच्या-आमच्यासारख्यांच्या हाती आलेली रक्कम करमुक्त असायची. आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांच्या डोक्यात अजून तेच आहे, ‘डिव्हिडंडला कर नसतो’. आता तो तुमच्या पगारात, व्याजात मिळवला जातो. एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांवर गेला की कंपनी आधीच दहा टक्के कापते. ही मर्यादा २०२५ च्या एप्रिलपर्यंत पाच हजार होती. कापलं नाही म्हणजे कर नाही, असा अर्थ मात्र काढू नका.

मग कुणी म्हणेल, डावा खिसा आणि उजवा खिसाच असेल तर कंपन्या देतात कशाला? मिलर आणि मोदिग्लियानी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६१ साली हेच मांडलं होतं. कर नाहीत, दलाली नाही, सगळ्यांना सगळी माहिती आहे, अशा जगात लाभांश दिला काय नि न दिला काय, मालकाच्या संपत्तीत फरक पडत नाही. गणित चोख आहे. अडचण एवढीच की आपण त्या जगात राहत नाही. आपल्या जगात गल्ल्यावर बसणारा एक असतो आणि मालक दुसरेच.

हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आपली जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. कारभार नीट नाही, हजारो हात रिकामे, म्हणून १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून व्यवस्थापन ताब्यात घेतलं. भागधारकांचा संचालक नेमण्याचा हक्क गेला. एक भागधारक चरणजितलाल चौधरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या डिसेंबरमध्ये हरले. बहुमताचं म्हणणं काय होतं पाहा: तुमचा शेअर तुमच्याकडेच आहे, तो विकता येतो, आणि लाभांश मिळालाच तर तो घेण्याचा हक्कही शाबूत आहे. ‘मिळालाच तर’! बंद पडलेल्या मिलचा लाभांश. मग नव्या संचालकांनी अंशतः पैसे भरलेल्या प्रेफरन्स शेअरवर (लाभांशात ज्यांचा मान पहिला, असे शेअर) उरलेली रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास कोर्टात गेले, आणि १९५३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो वटहुकूमच घटनाबाह्य ठरवला. घटनेचे विद्यार्थी देशभर हे दोन खटले वाचतात. आपण मात्र जुनी मिल कंपाउंडमधून स्कूटर काढताना विसरून जातो.

मला त्यातून एवढंच घ्यायचंय की लाभांश हे कर्ज नव्हे. बँक ठेवीचं व्याज देणं लागते, कंपनी लाभांश देणं लागत नाही. संचालक मंडळ शिफारस करतं, वार्षिक सभेत भागधारक मंजूर करतात. भागधारक तो कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. एकदा जाहीर झाला की मात्र तीस दिवसांत द्यावाच लागतो. आणि वर्षानुवर्षं रोख पैसे देणारी कंपनी निदान एक गोष्ट दाखवते, की ताळेबंदातला नफा शाईचा नाही. नफा फुगवून लिहिता येतो, लाभांशाचा चेक फुगवून वटत नाही. माझ्या लेखी लाभांशाची खरी किंमत ही आहे, वीस रुपयांची नव्हे.

आता परतावा. इथे जरा वेळ घेतो, कारण घोळ इथेच होतो.

कोल इंडिया २०१० च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आली, भाव २४५. सरकारी कंपनी, कोळशाची जवळजवळ मक्तेदारी, आणि लाभांश तर असा की एका वर्षी २९ रुपये! लोक म्हणायचे एफडी कशाला, कोल इंडिया घ्या. पहिल्या दहा वर्षांत शेअरमागे दीडशे रुपयांहून जास्त लाभांश आला. आणि २०२० च्या ऑक्टोबरात भाव होता १२० च्याही खाली. बेरीज करा. २४५ घातले, दहा वर्षांत लाभांश आणि उरलेला भाव मिळून मुद्दलापेक्षा थोडंसंच जास्त. बँकेत ठेवले असते तर दुप्पट झाले असते. नुसता लाभांश पाहणारा म्हणेल काय झकास शेअर, नुसता भाव पाहणारा म्हणेल बुडालो. दोघंही अर्धंच पाहतात. न्याय म्हणून पुढचंही सांगतो: २०२४ मध्ये तोच शेअर पाचशेच्या वर गेला. ज्याने २०२० मध्ये घेतला त्याचं भलं झालं. पण तो किती जणांनी घेतला असेल? तेव्हा सगळे विकत होते.

म्हणून ‘दहा टक्के यील्ड’ पाहिलं की मी आधी भावाकडे बघतो. यील्ड म्हणजे लाभांश भागिले भाव. भाव निम्मा पडला की यील्ड आपोआप दुप्पट दिसतं. आणि त्या भागाकारात धरलेला असतो तो गेल्या वर्षीचा लाभांश. पुढच्या वर्षी तो मिळेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही.

लहान लाभांशाची गंमत उलटी असते. निफ्टी या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा लाभांश भावाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. भेळेचे पैसे! समजा एकूण परतावा बारा टक्के आहे, त्यातला दीड टक्का लाभांश. एक लाख पंचवीस वर्षं. लाभांश दरवर्षी खर्चून टाकलात तर शेअरची किंमत होते सुमारे १२ लाख १० हजार. सगळा पुन्हा गुंतवलात तर १७ लाख. वरच्या टप्प्यातला कर भरून उरलेला गुंतवला तरी १५ लाख ३० हजार. म्हणूनच शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१८ च्या फेब्रुवारीपासून म्युच्युअल फंडांना सांगितलं की तुलना करायची ती लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, नुसत्या भावाच्या निर्देशांकाशी नाही. त्याआधी फंडवाले आपला लाभांश मोजून निफ्टीचा न मोजता शर्यत जिंकत होते. आणि म्युच्युअल फंडाच्या ‘डिव्हिडंड’ पर्यायाचं नावच २०२१ मध्ये बदललं, त्यात ‘भांडवल काढून घेणे’ हे शब्द आले. नाव लांबलचक आहे, पण खरं आहे.

बोनस शेअरबद्दल, म्हणजे हातातल्या शेअरवर कंपनी फुकट देते त्या जादा शेअरबद्दल, तीन चिठ्ठ्या आहेत, एकदमच उत्तर देतो. रिलायन्सने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एकास एक बोनस दिला. २,६०० च्या पुढचा शेअर एका रात्रीत १,३०० च्या आसपास. एका ताईंचा मला सकाळी सव्वानऊला फोन, ‘अर्धे पैसे गेले हो!’ गेले नव्हते ताई, नवे शेअर डीमॅटला दिसायचे होते. एका कडक भाकरीचे दोन तुकडे केले तर भाकरी वाढत नाही, कमीही होत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी शेअरमागे साडेपाच रुपये लाभांश दिला. आदल्या वर्षी होता दहा. लोक म्हणाले कमी केला. जुन्या एका शेअरचे आता दोन झाले, म्हणजे अकरा रुपये झाले की. आपल्या कायद्यात लाभांशाच्या बदली बोनस देता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

शेवटची चिठ्ठी: ‘वडिलांचे जुने कागदी शेअर सापडलेत.’ सापडले हे बरं झालं. माझ्या आत्याच्या ट्रंकेत लुगड्यांखाली डिव्हिडंड वॉरंटांची, म्हणजे लाभांशाच्या चेकसारख्या कागदांची, गड्डी निघाली, एकही बँकेत भरलेलं नाही. तिला वाटायचं ती पावती आहे. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही की न घेतलेली रक्कम आणि ते शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. बुडत नाहीत, मागता येतात. पण सही जुळत नाही, लग्नानंतरचं नाव वेगळं, दाखला तालुक्याचा हवा, असं करत कंपनीच्या रजिस्ट्रारने आम्हाला अकरा महिने फिरवलं. शेअर शेवटी तिच्या डीमॅटला आले. आत्या म्हणाली, त्या गड्डीतलं एक वॉरंट मला परत दे, त्यावर लक्ष्मीचं चित्र छान होतं.